तीनदा वाकलेला न्यायमूर्ती

तुमसरच्या बाजारात, राईस मिलच्या फाटकाशी किंवा तुमसर रोडच्या प्लॅटफॉर्मवर तासभर थांबा. कुणीतरी कुणाला तरी 'चमकावताना' हमखास दिसेल. आपल्याकडचा हा शब्द फार नेमका आहे. मारायचं नाही, हातही लावायचा नाही. आवाज चढवायचा, डोळे वटारायचे आणि पुढे काय होईल ते अर्धवट सांगून सोडून द्यायचं. उरलेलं काम समोरच्याची भीती करते.

पण दोस्तहो, चमकावण्याचा हा अगदी कच्चा प्रकार झाला. पक्का प्रकार घरात चालतो, तोही हळू आवाजात. अमुक शाखेला अॅडमिशन घेतलीस तर आमचं तोंड पाहू नकोस. त्या मुलाशी बोललीस तर आईच्या जिवाला काही झालं म्हणून समज. समाजाच्या बैठकीत आपलं नाव निघालं तर बहिणीचं लग्न कसं जमणार? यात शिवी नाही, दादागिरी नाही, पण माणूस जागच्या जागी गार पडतो.

आज ज्यांची गोष्ट सांगायची आहे, ते स्वतः न्यायाधीश होते. धमकी म्हणजे काय, हे कायद्याच्या पुस्तकातून त्यांना पाठ होतं. तरीही आयुष्यात ते तीनदा धमकीपुढे वाकले. ते म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर चार ओळी असतात : समाजसुधारक, अर्थतज्ज्ञ, प्रार्थना समाज, सार्वजनिक सभा. मार्क मिळवायला तेवढं पुरतं. पण ते का वाकले आणि वाकल्यावर त्यांनी काय केलं, हे त्या चार ओळींत येत नाही.

शिष्यवृत्ती बंद!

रानड्यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचा. वडील गोविंदराव कोल्हापूर संस्थानच्या नोकरीत होते, म्हणून बालपण कोल्हापुरात गेलं. पुढच्या शिक्षणासाठी मुंबईला एल्फिन्स्टनमध्ये आले. मुंबई विद्यापीठातून पहिल्यांदा जे पदवीधर बाहेर पडले, त्यांत हा मुलगा होता. १८६२ मध्ये बी.ए., १८६६ मध्ये कायद्याची पदवी.

पहिला दम त्यांना कॉलेजातच मिळाला. मराठ्यांचं राज्य आणि इंग्रजांचं राज्य यांची तुलना करणारा एक निबंध त्यांनी लिहिला आणि त्यात मराठ्यांच्या राज्याला झुकतं माप दिलं. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांना हे रुचलं नाही. त्यांनी रानड्यांना बोलावून समज दिली आणि सहा महिने शिष्यवृत्ती बंद केली. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या मुलासाठी सहा महिने म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. आपल्यापैकी कितीजण स्कॉलरशिपच्या मेसेजची वाट बघत महिने काढतात!

रानड्यांनी भांडण केलं नाही. पण मराठ्यांच्या इतिहासाचा विषय मनातून काढूनही टाकला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी परत लागेल.

सही करणाऱ्यांवर बहिष्कार

त्या काळी मुलींची लग्नं आठव्या-दहाव्या वर्षी होत. नवरा वारला की मुलगी जन्मभराची विधवा. केस काढलेले, एक वेळचं जेवण, घरातली न संपणारी कामं. विष्णुशास्त्री पंडित आणि त्यांचे सहकारी विधवांच्या पुनर्विवाहासाठी झटत होते, आणि तरुण रानडे त्यांच्यासोबत होते. जून १८६९ मध्ये मुंबईत वेणूबाई नावाच्या विधवेचं पांडुरंग करमरकरांशी लग्न लागलं. निमंत्रणपत्रिकेवर सह्या करणाऱ्यांत रानडेही होते.

शंकराचार्यांकडून बहिष्काराचा हुकूम निघाला. बहिष्कार म्हणजे नुसतं बोलणं बंद करणं नव्हे. घरात श्राद्ध असो की मुंज, भटजी येणार नाही. पंगतीत पान मांडलं जाणार नाही. मुलीला स्थळ येणार नाही. घरात कुणी वारलं तर खांदा द्यायला माणसं मिळतील की नाही, याचीही धास्ती. एका हुकमाने सगळं घर एकटं पडायचं.

यात एक मेख आहे. सही केली रानड्यांनी, पण झळ बसली घरातल्या सगळ्यांना. ज्याने ठाम भूमिका घेतली, त्याला थेट हात लावायचा नाही. त्याच्या माणसांना त्रास द्यायचा, म्हणजे तीच माणसं त्याला गप्प करतील. आजही गावकीची आणि भावकीची हीच रीत असते.

वडिलांचा निर्वाणीचा शब्द

१८७१ मध्ये रानडे पुण्यात न्यायाधीश म्हणून आले. ऑक्टोबर १८७३ मध्ये त्यांची पहिली पत्नी सखूबाई वारली. रानडे तेव्हा ३१ वर्षांचे. विधवाविवाहासाठी इतकी वर्षं बोलणारा माणूस आता स्वतः विधवेशी लग्न करणार, अशी मित्रांची खात्री होती. वडिलांनाही नेमकी तीच भीती होती.

गोविंदरावांनी झपाट्याने हालचाल केली. मुलाला विचार करायला उसंत मिळण्याआधीच त्यांनी तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची ११ वर्षांची मुलगी पसंत केली. रानडे नको म्हणाले. आपलं वय झालं, लग्नच करायचं नाही, असं सांगितलं. त्यांची बहीण दुर्गा विधवा होती. तिच्यापेक्षा आपण वयाने मोठे. तिने जन्मभर तसंच राहायचं आणि आपण बोहल्यावर चढायचं, हा कुठला न्याय, असंही त्यांनी वडिलांपुढे मांडलं.

मुद्दा बिनतोड होता. वडिलांनी मुद्द्याला उत्तरच दिलं नाही. ऐकत नसशील तर मी कोल्हापूरला निघून जातो आणि यापुढे तुझा-माझा संबंध संपला, एवढंच त्यांनी बजावलं.

बघा हं, इथे काय झालं ते. प्रश्न होता, हे लग्न बरोबर की चूक. वडिलांच्या एका वाक्याने तो बदलला. आता प्रश्न झाला, म्हातारपणी वडिलांना घर सोडायला लावणारा मुलगा तू होणार का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर रानड्यांना पक्कं माहीत होतं. दुसऱ्याचं नव्हतं. धमकी काम करते ती अशी. ती तुमचा मुद्दा खोडत नाही, ती विषयच बदलते.

रानडे वाकले. डिसेंबर १८७३ मध्ये लग्न झालं. सखूबाई जाऊन दोन-तीन महिनेही झाले नव्हते. मित्र हळहळले, विरोधकांनी टर उडवली. बोलणारे सुधारक आणि करणारे सुधारक हा टोमणा त्यांना जन्मभर ऐकावा लागला, आणि तो खोटाही नव्हता.

या गोष्टीत आणखी एक व्यक्ती आहे, जिला कुणी काही विचारलंच नाही. ती ११ वर्षांची मुलगी. हो म्हणायचा किंवा नाही म्हणायचा प्रश्नच तिच्यापुढे आला नाही. तिचं सासरचं नाव रमाबाई.

घरातलं चमकावणं

लग्नानंतर रानड्यांनी लगेच रमाबाईंना शिकवायला घेतलं. मुळाक्षरांपासून सुरुवात. पुढे मराठी पुस्तकं, मग इंग्रजी. दिवसा कोर्ट, रात्री शिकवणी.

पण त्याच घरात सासरच्या वडीलधाऱ्या बायकाही होत्या. बाईच्या हातात पुस्तक दिसलं की टोमणे सुरू. पुरुष सांगतात म्हणून सगळंच ऐकायचं नसतं, असा सल्ला. तरीही ऐकलं नाही की अबोला. १८८० च्या दशकात पुण्यात मुलींच्या हायस्कूलसाठी चळवळ सुरू झाली आणि रमाबाईंनी सभेत इंग्रजीतून निवेदन वाचलं. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांना जे ऐकून घ्यावं लागलं, ते त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. उलट बोलायचं नाही आणि शिकणं सोडायचं नाही, हा त्यांचा मार्ग. तो सोपा नव्हता. चोवीस तास एका छताखाली राहणाऱ्या माणसांचा राग सोसायचा, म्हणजे बाहेरच्या सभेत दगड खाण्यापेक्षा अवघड. १८८४ मध्ये पुण्यात मुलींचं ते हायस्कूल सुरू झालं. तेच आजचं हुजूरपागा.

सरकारचाही डोळा

घरचे, समाजाचे झाले, आता सरकार. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाने इंग्रज हादरले होते. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्यात बुधवार वाडा जळाला. पुण्यातला प्रत्येक शिकलेला माणूस सरकारला संशयित वाटू लागला. सार्वजनिक सभेमागचं डोकं रानड्यांचं, हे सरकार जाणून होतं. त्यांना नाशिकहून तडकाफडकी धुळ्याला पाठवलं. तिथे त्यांची पत्रं फोडून वाचली जात होती.

तोंडाने कुणी काही बोललं नाही, पण निरोप स्पष्ट होता : आमचं लक्ष आहे. रानडे धुळ्याला गेले, काम करत राहिले, आणि पत्रं लिहिणंही थांबवलं नाही. इथे ते वाकले नाहीत. सरकार नाराज झालं तर नुकसान त्यांचं एकट्याचं होतं, आणि स्वतःवर येणारं संकट त्यांना पेलत होतं.

एका चहाची किंमत

आता सगळ्यात गाजलेलं प्रकरण. ऑक्टोबर १८९०. पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानाला शहरातली मोठी मंडळी गेली होती. व्याख्यान झालं आणि चहा-बिस्किटं आली. कुणी प्यायले, कुणी मान राखायला कप नुसता ओठाला लावला. ख्रिस्ती मिशनमधला चहा! बोलावण्यामागे गोपाळराव जोशी होते, डॉक्टर आनंदीबाईंचे पती, भलते खोडकर गृहस्थ. त्यांनी हजर असलेल्यांची नावं थेट वर्तमानपत्रात छापून आणली. त्या यादीत रानडे होते, टिळकही होते. आजच्या भाषेत सांगायचं तर कुणीतरी पार्टीचा फोटो काढला आणि समाजाच्या ग्रुपवर टाकून दिला.

प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. चौकशी बसली. प्रायश्चित्त घ्या, नाहीतर वाळीत जा, असा पेच उभा राहिला. हे सगळं धुमसत असतानाच डिसेंबर १८९१ मध्ये आपल्या नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि त्यासोबत रानड्यांची सामाजिक परिषदही. बंगाल–नागपूर रेल्वे तेव्हा आपल्या भागातून धावत होती; अधिवेशनाच्या बातम्या भंडाऱ्याकडे यायला फार दिवस लागले नसतील. नागपुरात बालविवाह आणि विधवांच्या प्रश्नावर बोलणाऱ्या या माणसावर त्याच वेळी पुण्यात एका कपभर चहासाठी बहिष्काराची टांगती तलवार होती.

रानड्यांना स्वतःला बहिष्काराचं भय उरलं नव्हतं. ते त्यांनी विशी-तिशीतच पचवलं होतं. पण यादीतल्या इतरांचे हाल सुरू झाले होते. कुणाच्या घरी कार्याला भटजी मिळेना, कुणाच्या घरी बाप-लेकांत तेढ पडली. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं तर बाकीच्यांना ते घेणं सोपं जाईल, अशी गळ त्यांना घालण्यात आली. १८९२ मध्ये त्यांनी प्रायश्चित्त घेतलं.

चूक केलेली नसताना चूक कबूल केल्यासारखं झालं. सनातनी खूश झाले नाहीत आणि सुधारकही चिडले. रमाबाईंनाही ते पटलं नव्हतं. ज्यांच्यासाठी केलं, त्यांची घरं सावरली. पण पुढच्या प्रत्येक धमकी देणाऱ्याला कळून चुकलं, की या माणसाला कुठे दाबायचं. त्याचा स्वतःचा गळा धरून उपयोग नाही, त्याच्या माणसांचा धरायचा.

मंडप पेटवायची भाषा

तिसरी वेळ १८९५ ची. काँग्रेसचं अधिवेशन पुण्यात होतं. दरवर्षीप्रमाणे त्याच मंडपात सामाजिक परिषद भरायची होती. पुण्यातल्या विरोधकांनी ठरवलं, भरू द्यायची नाही. आधी सभा, मग लेख, आणि शेवटी मंडप पेटवून देण्याची भाषा.

रानडे तोवर मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले होते. ठरवलं असतं तर पोलिसांचा बंदोबस्त मागवता आला असता. त्यांनी तसं केलं नाही. देशभरातून आलेल्या पाहुण्यांसमोर काँग्रेस फुटायला नको, म्हणून त्यांनी मंडपाचा हट्ट सोडला. परिषद मात्र सोडली नाही. ती फर्ग्युसन कॉलेजच्या आवारात वेगळा मंडप घालून भरवली.

पहिल्या दोन वेळांत आणि या वेळेत फरक आहे. १८७३ मध्ये त्यांनी मूळ गोष्टच सोडली होती. १८९२ मध्ये न केलेली चूक डोक्यावर घेतली होती. १८९५ मध्ये फक्त जागा सोडली. ५३ वर्षांच्या या माणसाला धमकीशी कसं वागायचं, हे हळूहळू उमगत गेलं असावं. कशावर तडजोड होऊ शकते आणि कशावर नाही, याची रेघ आधी आखून ठेवावी लागते. समोरचा डोळे वटारून उभा असताना ती आखता येत नाही.

दुसरा रस्ताही होता

तेव्हा सगळेच वाकले, असं मात्र नाही. रानड्यांच्या प्रायश्चित्ताला वर्षही उलटलं नव्हतं, तेव्हा मार्च १८९३ मध्ये फर्ग्युसन कॉलेजातल्या गणिताच्या प्राध्यापकाने, धोंडो केशव कर्व्यांनी, पुण्यात एका विधवेशी लग्न केलं. कोकणातल्या त्यांच्या मुरूड गावाने ठराव केला : हा घरी येऊन राहिला तर घरच्यांवरही बहिष्कार. तीच जुनी युक्ती. कर्व्यांनी लग्न मोडलं नाही, माफीही मागितली नाही. पण याचा भुर्दंड त्यांच्या आईला आणि भावालाही बसला, हे विसरू नये. न वाकण्याची किंमत असतेच, आणि बहुतेक वेळा ती एकट्याने भागत नाही.

म्हणून रानड्यांना भित्रा म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण बरोबर नाही. आणि शेवटी सगळं चांगलंच झालं, असं म्हणणंही बरोबर नाही. रमाबाई पुढे मोठ्या झाल्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं, हजारो बायकांना शिकण्याची आणि कमावण्याची वाट दाखवली. पण म्हणून १८७३ ची ती सक्ती योग्य ठरत नाही. ते त्यांचं कर्तृत्व, सक्तीचं नव्हे.

कायदा काय म्हणतो?

आता एक गंमत. १८६२ मध्ये रानडे बी.ए. झाले, त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून भारतीय दंड संहिता लागू झाली. तिच्या कलम ५०३ मध्ये धमकीची व्याख्या होती : एखाद्याच्या शरीराला, नावलौकिकाला, मालमत्तेला, किंवा त्याच्या जिव्हाळ्याच्या माणसाला इजा करण्याचं भय दाखवून त्याला नको ते करायला लावणं. जिव्हाळ्याचं माणूस कायद्यातसुद्धा होतं! पण वडील घर सोडून जातो म्हणाले, याला कुठलं कलम लावणार? बहिष्कारालाही तेव्हा स्वतंत्र कायदा नव्हता.

आज आहे. धमकीचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये आहे. आणि महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध खास कायदा केला, जो जुलै २०१७ पासून लागू आहे. जातपंचायतीने किंवा गावाने कुणाला वाळीत टाकलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पंचहौदच्या चहावेळी हा कायदा असता तर आरोपीच्या पिंजऱ्यात वेगळीच माणसं उभी दिसली असती.

घरातल्या हळू आवाजाला मात्र कलम लावणं अजूनही अवघड. तिथे रानड्यांच्या आयुष्यातून हाती लागतं ते एवढंच : धमकी देणाऱ्याला कायम घाई असते. गोविंदरावांना घाई होती, कारण मुलाला वेळ मिळाला असता तर तो सावरला असता. म्हणून कुणी आत्ताच्या आत्ता हो म्हण, असा गळा धरला, तर आधी वेळ मागा. एक रात्र, एक आठवडा, एक सेमिस्टर. आणि त्या वेळात एकटे राहू नका. मित्र, मामा, एखाद्या मॅडम, कुणाशी तरी बोला. मूळ प्रश्न काय होता, ते कागदावर लिहून ठेवा. कारण पुढचं वाक्य तो बदलायलाच येणार आहे.

आणि वाकलात, तरी त्याने आयुष्य संपत नाही. शिष्यवृत्ती बंद झालेला तो विद्यार्थी आठवतो? १९०० मध्ये त्याचं एक पुस्तक इंग्रजीतून प्रसिद्ध झालं, मराठी सत्तेच्या उत्कर्षावरचं. ज्या विषयासाठी प्राचार्यांनी दम दिला होता, तोच विषय, सुमारे चाळीस वर्षांनी. १६ जानेवारी १९०१ रोजी रानडे गेले. पुस्तक त्याआधीच छापून लोकांच्या हातात पडलं होतं.